फोन पालथा घाल आणि हाक मार

भांडुपहून एका आईने विचारलं आहे: मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. आम्ही दोघंही नोकरीला. शाळेतून आल्यापासून संध्याकाळपर्यंत तो आजीजवळ असतो आणि आजीचा फोन त्याच्या हातात. परवा कळलं की गेम खेळताना तो कुणा 'दादा'शी बोलत होता. फोन काढून घ्यावा की त्याला काही शिकवता येईल? इतक्या लहान मुलाला न घाबरवता सांगायचं कसं? आणि सासूबाईंना काही बोलायला गेलं की त्यांना वाटतं, मी त्यांच्यावर बोट ठेवतेय.

ताई, फोन काढून घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. दादाची गोष्ट कळली आणि लगेच फोन गेला, तर मुलाच्या डोक्यात एकच हिशेब बसेल: सांगितलं की फोन जातो. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. फोन मात्र त्याला कुठून ना कुठून मिळेलच. शेजारच्या मोठ्या मुलाचा, मामाचा, क्लासच्या जिन्यात बसलेल्या कुणाचा तरी.

मी एकवीस वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना संगणक शिकवते. सुरुवातीला माझा हा तास भीतीचा असायचा. 'घाणेरडं काही बघितलं तर पोलीस येतात, आईबाबांचा फोन जप्त करतात,' असं मी बिनदिक्कत सांगायचे. तिसरीतल्या एका मुलीने त्यानंतर चार महिने आईच्या फोनला हात लावला नाही. आईला बरं वाटलं, पोरगी सुधारली. झालं होतं असं, की कार्टून बघता बघता तिच्यासमोर एक अश्लील व्हिडिओ आला होता आणि आता पोलीस येणार या धास्तीने ती रात्री झोपेत दचकून उठत होती. तिची काही चूक नव्हती. ज्या दिवशी तिला कुणाच्या तरी कुशीत शिरायचं होतं, त्या दिवशी माझ्या शब्दांनी तिचं तोंड बंद केलं होतं. तो तास मी पुन्हा कधी तसा घेतला नाही.

मुंबईतल्या मुलाला लोकलमध्ये चढायला आपण कसं शिकवतो? दादरच्या पुलावर उभं राहून कुणी भाषण देत नाही. कित्येक वर्षं हात धरतो. 'उतरणाऱ्यांना आधी उतरू दे', 'फटीकडे बघ', 'चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच थांब' हे दर फेरीला म्हणतो, आणि एक दिवस मूल स्वतःच म्हणायला लागतं. इंटरनेटही असंच हात धरून शिकवायचं आहे. सात वर्षांच्या मुलाला नियमांची यादी पेलत नाही. त्याच्या अंगवळणी पडलेली एक कृती पुरते.

ती कृती म्हणजे फोन पालथा घालणं. नकोसं काही समोर आलं तर 'बंद कर' असं आपण सांगतो. पण लहान मुलाला ते फुलीचं बारीक चिन्ह सापडत नाही, कित्येक जाहिरातींत ते मुद्दाम लपवलेलं असतं, आणि घाबरून बॅक दाबलं की दुसरंच काहीतरी उघडतं. म्हणून मी मुलांना बंद करायला सांगतच नाही. फोन जिथे असशील तिथे, गादीवर नाहीतर लादीवर, पालथा घाल आणि मोठ्याने हाक मार. एवढंच.

याचा सराव लागतो. मी पुठ्ठ्याचे फोन कापून नेते, त्यांवर चित्रांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. मांजर, आंब्याचं झाड, बस, मांजर, आणि मधेच एक भेसूर चेहरा. किंवा 'तुला बक्षीस लागलं, इथे दाब'. किंवा 'तुझा फोटो पाठव ना'. चिठ्ठी उलटली की पुठ्ठा पालथा आणि 'बाई!' अशी आरोळी. इतका गलका होतो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात. पण चौथ्या-पाचव्या फेरीला हात आपोआप वळायला लागतात, आणि तेच हवं असतं. तुम्ही हे घरी रविवारी दहा मिनिटं करा, पुढच्या रविवारी परत करा. कधी हाक मारायची हे सांगताना जड शब्दांची गरज नाही. पोटात कसंतरी झालं, भीती वाटली, कुणी कपडे काढलेले दिसले, कुणी काही मागितलं, की हाक.

यातला अर्धा नियम मोठ्यांसाठी आहे. हाक आली की जायचं. पोळी तव्यावर असेल तर गॅस बंद करून जायचं. आणि पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवायचं: 'बरं केलंस, हाक मारलीस.' पहिलं वाक्य जर 'काय बघत होतास?' असेल, तर सगळा सराव वाया गेला म्हणून समजा.

आता त्या दादाकडे येऊ. आपली भाषाच मुलांना अनोळखी माणसाशी नातं जोडायला शिकवते. रिक्षावाला काका, दुकानातला दादा, बसमधली मावशी. हे आपलं सुंदर वळण आहे आणि ते मोडावं असं मला वाटत नाही. पण गेममध्ये कुणी 'मी दादा' म्हणाला की मुलाच्या लेखी तो घरचा होतो. 'अनोळखी माणसाशी बोलू नको' हे वाक्य तिथे लागूच पडत नाही. मी वर्गात विचारते, अनोळखी म्हणजे कोण? उत्तर येतं, ज्याचं नाव माहीत नाही तो. म्हणजे नाव कळलं की ओळख झाली. तीन दिवस रोज बोललं की मैत्री झाली.

म्हणून मी मुलांना एक कसोटी देते: हा माणूस आपल्या घरी जेवलाय का? आईला, आजीला तो माहीत आहे का? नसेल तर तो अनोळखी, मग त्याचं नाव, गाव, आवडता क्रिकेटर सगळं पाठ असलं तरी. मुलांना ही कसोटी पटकन कळते. कधीकधी गंभीरपणे विचारतात, 'बाई, नुसता चहा घेतला असेल तर?' मात्र याची दुसरी बाजूही त्याच दिवशी सांगावी लागते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत माणूस ओळखीचाच निघतो. घरी जेवलेल्या माणसाशी बोलायला हरकत नाही, पण चड्डी-बनियनच्या आतल्या शरीराबद्दल कुणीही, अगदी कुणीही बोललं किंवा फोटो मागितला, तर हाक मारायची.

हे असं कसं घडतं याचं उदाहरण मुंबईनेच ऐकलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य पोलीस मुख्यालयातल्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीबद्दल सांगितलं. ती ऑनलाइन गेम खेळत होती, समोरचा माणूस आधी गोड, साधं बोलत होता. मग त्याने ती मुलगा आहे की मुलगी हे विचारलं, आणि नंतर थेट नग्न फोटो मागितला. तिने सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं. मी पालकसभेत हे सांगते ते शेवटच्या वाक्यासाठी. घरात कुठल्या सेटिंग होत्या हे आपल्याला माहीत नाही, पण मुलगी आईकडे गेली हे माहीत आहे.

तुमच्या मुलाने दादाबद्दल स्वतःहून सांगितलं की तुम्हाला ते दिसलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सांगितलं असेल, तर त्याला जवळ घेऊन शाबासकी द्या, उशीर झाला असला तरी. दोघं मिळून तो गेम उघडा. दादा कुठे भेटला, काय विचारतो, हे त्यालाच दाखवू द्या, मधे टोकू नका. बोलणं नुसतं खेळापुरतं असेल तर त्या माणसाला ब्लॉक करा आणि गेममधलं चॅट, विशेषतः आवाजाचं चॅट, बंद करा. फोटो, पत्ता, नंबर, भेट यांपैकी काही मागितलं असेल तर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. पुढे काय करायचं ते खाली लिहिते.

'हे कुणाला सांगू नको' या वाक्याबद्दल मी मुलांशी वेगळं बोलते. गंमत आणि गुपित यांतला फरक त्यांना दाखवावा लागतो. आईच्या वाढदिवसाला आणलेली भेट ही गंमत. ती एक दिवस फुटणार असते आणि फुटल्यावर सगळे हसतात. गुपित कधीच फोडायचं नसतं आणि पोटात दुखत राहतं. 'आपल्या घरात गंमत चालते, गुपित चालत नाही' हे वाक्य तुम्ही सहज, येता-जाता म्हणत राहा.

माहिती म्हणजे काय, हे मुलांना समजावणं सगळ्यांत कठीण. 'पर्सनल इन्फर्मेशन देऊ नका' हे शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं असतं आणि कुणालाच काही कळलेलं नसतं. एका मुलाने मला ऐटीत सांगितलं, 'मी शाळेचं नाव नाही सांगितलं, फक्त सांगितलं की वर्गातून पूल दिसतो आणि खाली वडापावची गाडी आहे.' तेव्हापासून मी एक फोटो दाखवते. माझ्या भाच्याचा, पहिलीतला, त्याची परवानगी घेऊन. आता तो कॉलेजात आहे. मुलांना विचारते, या फोटोवरून मुलाला शोधून काढता येईल का? शर्टावरचा शाळेचा बिल्ला पहिल्या मिनिटात सापडतो. मग मागे थांबलेल्या बेस्टच्या बसचा नंबर. मग गेटवरची 'बी विंग' ही पाटी. पाण्याच्या बाटलीवरचं नाव मलाही दिसलं नव्हतं, ते एका दुसरीतल्या मुलीने दाखवलं. आणि एकदा मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, 'बाई, माझ्या मम्मीने माझा अस्साच टाकलाय.'

खरं आहे. शाळेच्या पहिल्या दिवसाचा गणवेशातला फोटो आपणच स्टेटसला लावतो. इथून पुढे लावण्याआधी मुलाला दाखवून विचारा, 'हा टाकू का?' तो नाही म्हणाला तर टाकू नका. आपल्या फोटोवर आपला हक्क असतो आणि नाही म्हणता येतं, हे तो तिथे शिकतो. उद्या कुणी फोटो मागितला तर हेच 'नाही' त्याच्या उपयोगी पडणार आहे.

परदेशी सल्ल्यांत नेहमी असतं की संगणक बैठकीच्या खोलीत ठेवा, मुलाच्या खोलीत नको. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये सगळे एकाच खोलीत असतात, त्यामुळे पालक निश्चिंत असतात: 'आमच्यासमोरच तर असतो.' पण कानात इअरफोन घातला की मुलाची वेगळी खोली तयार होते, आणि तिचं दार आपल्याला दिसत नाही. आजी शेजारी भाजी निवडत असते आणि नातवाच्या कानात कोण काय बोलतंय याचा तिला पत्ता नसतो. म्हणून लहान मुलांसाठी माझा आग्रहाचा नियम एकच: इअरफोन नाही. आवाज बारीक ठेवा, पण मोकळा ठेवा. घरातल्यांना त्रास होत असेल तर फोनची वेळ कमी करा.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास आणि तोही सोबत बसून, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. मला स्वतःला तासांपेक्षा संगतीची काळजी जास्त वाटते. सोबत बसून बघितलेला एक तास आणि एकट्याने रील सरकवत काढलेली वीस मिनिटं यांत मी तास निवडेन.

सासूबाईंच्या फोनवर मात्र एक दुपार खर्च करा. युट्यूब किड्स घाला आणि त्यात फक्त तुम्ही निवडलेले चॅनल दिसतील असा पर्याय चालू करा. मग त्यात शोधताच येत नाही. हे महत्त्वाचं, कारण या वयाची मुलं लिहीत नाहीत, माइक दाबून बोलतात, आणि बोबड्या शब्दांवर काय समोर येईल याचा नेम नसतो. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिन' असतं. ते वापरलं की मूल त्या एकाच अ‍ॅपमध्ये राहतं, आणि बाहेर पडायला लॉक उघडावं लागेल असंही त्यातच ठरवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, ग्रुपमध्ये घालण्याचा अधिकार फक्त ओळखीच्या नंबरांना द्या, अनोळखी कॉल गप्प करण्याची सोयही तिथेच आहे. आजीच्या फोनवर नको ते येण्याची वाट बहुतेकदा गेमची नसते, नातेवाइकांच्या ग्रुपची असते. प्ले स्टोअरमध्ये वयाचं बंधन घाला आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा.

पुढे कधी त्याला वेगळा टॅब द्याल तेव्हा खरं जन्मसाल टाकून त्याचं खातं काढा आणि गुगलच्या फॅमिली लिंकने ते तुमच्या खात्याला जोडा. बरेच पालक 'लवकर होऊ दे' म्हणून १९९० टाकतात. मग समोरच्या अ‍ॅपच्या लेखी तो पस्तिशीचा माणूस असतो आणि त्याला तसंच सगळं दाखवलं जातं. इन्स्टाग्रामला तेरा वर्षांची अट आहे, ती मोडायला आपण मदत करू नये.

पैशांचं आता लिहायला हवं, कारण आपल्या घरांत आजीच्या फोनचा खरा चालक नातू असतो. दूधवाल्याचे पैसे तोच पाठवतो, पिन त्याला पाठ असतो. यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमेला पिनसुद्धा लागत नाही. मुलाकडून हे काम काढून घ्यायची गरज नाही, पण पिन आजीने स्वतःच्या बोटाने दाबायचा आणि त्या वेळी त्याने मान वळवायची. मी मुलांना सांगते, फोनवर आलेले आकडे म्हणजे घराची किल्ली, ती कुणी मागितली तर आधी हाक. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो, हे दुसरीतल्या मुलाला नीट कळतं. आणि लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून एखादी फाइल आली आणि 'इन्स्टॉल' हा शब्द दिसला, तर पाठवणारा सख्खा मामा असला तरी ती उघडायची नाही. मामाचाच फोन कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

आता काही झालंच तर. पैसे गेले असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. लवकर कळलं तर रक्कम पुढच्या खात्यात रोखता येते. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, आणि मूल स्वतःही लावू शकतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर, मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार नाव न देताही करता येते. जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात तुम्ही जाऊ शकता.

पालक पोलिसांना घाबरतात, म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो, शक्यतो महिला अधिकारी असावी लागते, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे 'बदनामी होईल, गप्प बसू' हा मार्ग कुटुंबाला उपलब्धच नाही, आणि तो नसलेलाच बरा.

इथे चांगल्या हेतूने एक चूक होते, ती टाळा. मुलाचा नग्न फोटो कुणाकडे असेल तर तो पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकाला, बाईंना, ओळखीच्या वकिलाला फॉरवर्ड करू नका. असं चित्र पुढे पाठवणं आणि साठवून ठेवणंही गुन्हा ठरतो, सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. ज्या फोनवर आलंय तो फोन तसाच पोलिसांकडे न्या. असे फोटो पसरण्यापासून थांबवायला 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, त्याचा नुसता आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढतात.

शेवटी सासूबाई. त्यांना नियम सांगायला जाऊ नका, त्या दुखावणारच. दिवसभर मूल त्या सांभाळतात, आणि फोन हा त्यांचा दुपारचा श्वास घ्यायचा वेळ आहे. फोन पालथा घालायचा सराव मुलालाच त्यांना शिकवू द्या. पुठ्ठ्याचा फोन त्यांच्या हातात, चिठ्ठ्या नातवाच्या. त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतील: 'तुमचं केवायसी संपलं', 'मी पोलीस बोलतोय, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, तुम्हाला अटक झाली आहे'. म्हाताऱ्या माणसांना असेच फोन येतात आणि तीही लाजेपायी कुणाला सांगत नाहीत. म्हणून त्यांना जवळ बसून सांगा: आई, तुम्हाला असं काही आलं तर तुम्हीही फोन पालथा घाला, आणि दुसऱ्या फोनवरून नाहीतर शेजारच्या वहिनींकडून मला हाक मारा. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.